मिरकरवाडा : मागच्या चाकांचे म्हणणे

रत्नागिरीच्या बाजारपेठेतून रत्नदुर्गाच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरात वाऱ्याला खारटपणा येऊ लागतो. किल्ल्याच्या आडोशाला वसलेले मिरकरवाडा हे रत्नागिरी जिल्ह्यातील एक प्रमुख मच्छीमार बंदर. पहाटेपासून नौका धक्क्याला लागतात, बर्फाच्या लाद्या फोडल्या जातात आणि टोपल्यांच्या उतरणीबरोबर लिलावाचे आवाज चढत जातात. वर किल्ल्यावर भगवतीचे मंदिर, एका टोकाला दीपगृह आणि खाली ही गजबज. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हे बंदर सहज रुचणारे नव्हे. तरीही येथील माणसांच्या कष्टांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

व्यापारी कुटुंबांचा या वस्तीशी संबंध येतो तो किराण्यामुळे. दर्यावर निघणाऱ्या नौकेला तांदूळ, डाळ, साखर, चहा, तेल आणि कांदे-बटाटे बरोबर घ्यावे लागतात. वस्तीतील गल्ल्यांतून असलेल्या लहान दुकानांना हा माल शहरातील घाऊक पेढ्यांवरून पोहोचतो. साधारणपणे 1 जून ते 31 जुलै या काळात मासेमारी बंद असते आणि ऑगस्टमध्ये हंगाम उघडला, की या दुकानांची मागणी एकाएकी वाढते. मग मालाचे टेम्पो आणि पिकअप दिवसातून दोनदोनदा बंदराच्या वाटेला लागतात.

या वाटेवर वाहनांची झीज इतर ठिकाणांपेक्षा लवकर होते. बर्फाचे वितळलेले खारे पाणी मासळीच्या गाड्यांतून रस्त्यावर ठिबकत असते. मागून येणाऱ्या वाहनांची चाके तेच पाणी उडवून आपल्याच सांगाड्यावर घेतात. मिठाचा ओलावा लोखंडाच्या सांध्यांत शिरला, की गंज झपाट्याने वाढतो. मागच्या कमानीचे पाटे एकावर एक बसविलेले असल्याने त्यांच्या फटींत तो अडकून राहतो आणि वरून गाडी धुतली तरी आतील मीठ सहसा निघत नाही. येथील कारागिरांच्या हाताखाली म्हणूनच सर्वाधिक येते ते मागच्या चाकांचे काम.

अशाच एका कारागिराच्या शेडपुढे हंगामाच्या सुरुवातीला रत्नागिरीतील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याची पिकअप उभी राहिली. गाडीला पंधरा दिवसांपासून मागून ठोक्यांचा आवाज येत होता. शहरात एका ठिकाणी 'शॉकअॅब्सॉर्बर गेले असतील' असे सांगून दोन्ही बदलण्यात आले होते. पैसे गेले आणि आवाज मात्र राहिला. त्यात येत्या शनिवारी गाडी कोल्हापूरला जायची होती. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट चढून मलकापूरमार्गे कोल्हापूर, असा हा सुमारे 130 किलोमीटरचा रस्ता. येताना गूळ, साखर आणि डाळ भरून तोच घाट उतरायचा. व्यापाऱ्याचा मुलगा या खेपेला प्रथमच चालकासोबत बाजार पाहण्यासाठी जाणार होता. एरवी आवाजाकडे कानाडोळा करणारा व्यापारी या वेळी स्वतः गाडीबरोबर आला, तो त्यामुळे.

वस्तीत सगळे ज्यांना चाचा म्हणतात त्या वृद्ध कारागिराने हत्याराला हात लावला नाही. त्याने आधी विचारले, "शेठ, आवाज कधी येतो? भरलेल्या गाडीला की रिकाम्या? खड्ड्यात, वळणावर की ब्रेक लावताना?"

व्यापाऱ्याला यांपैकी एकाचेही उत्तर देता आले नाही. तो म्हणाला, "मागून येतो, एवढेच मला ठाऊक."

चाचाने मग चालकाकडे पाहिले. हे चालक व्यापाऱ्याच्या वडिलांच्या काळापासून पेढीवर होते आणि घरातील मुले त्यांना मामा म्हणत. ते शांतपणे म्हणाले, "आवाज एक नाय, दोन आहेत. रिकाम्या गाडीला बारीक खडखड येते, गल्लीतल्या फरशीवर. ती जुनी आहे. दुसरा ठोका जड आहे, एकच बसतो. गाडी जागची हलताना एकदा आणि ब्रेक दाबला की एकदा. हा नवा आहे."

"मामा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलेत?" व्यापाऱ्याने विचारले.

"आवाज येतो, हे सांगितलं होतं शेठ. कसला, ते कोणी विचारलं नाय."

निदानाचे अर्धे काम या संवादातच झाले होते. वाहनाच्या मागच्या भागातील आवाज सांगाड्यातून आणि पत्र्यातून फिरत येतो. त्यामुळे तो ऐकू येतो त्या जागी दोष असेलच असे नाही. कानापेक्षा 'केव्हा' हा प्रश्न अधिक खरा ठरतो. लहान खाचखळग्यांवर भराभर येणारी टकटक बहुधा सैल झालेल्या हलक्या वस्तूची, शॉकअॅब्सॉर्बरच्या टोकाची किंवा झिजलेल्या रबरी बुशची असते. मोठ्या खड्ड्यात येणारा एकच दणका म्हणजे एक्सल वर उसळून सांगाड्याखालच्या रबरी ठोकळ्यावर आपटल्याचे चिन्ह. हा ठोकळा त्याचसाठी असतो, पण तो वारंवार वाजू लागला तर भार अधिक आहे किंवा पाटे थकले आहेत असे समजावे. निघताना आणि थांबताना बसणारा ठोका मात्र वेगळाच. त्या दोन्ही क्षणी इंजिनाची ओढ किंवा ब्रेकचा रोध एक्सलला पुढे-मागे ढकलत असतो. एक्सल आपल्या जागी घट्ट बांधलेला नसेल, तर तो नेमका तेव्हाच सरकतो.

चाचाने प्रथम चारही चाकांचे नट पाहिले. चाकच सैल असेल तर पुढचा सारा शोध व्यर्थ आणि गाडी एक पाऊलही चालविणे धोक्याचे. ते घट्ट निघाल्यावर त्याने हौद्यातील माल, जॅक आणि त्याचा दांडा खाली काढविला. स्टेपनीचा आधार ढिला होता आणि मागच्या फाळक्याची एक खीळ झिजून भोकात खेळत होती. स्टेपनी आवळून व फाळक्याला कापडाची घडी लावून मामांनी गाडी फरशीवरून एक फेरी मारून आणली. खडखड थांबली होती. पंधरा दिवस ऐकलेल्या गोंधळातून एक आवाज असा विनाखर्च वजा झाला आणि दुसरा स्वच्छ ऐकू येऊ लागला.

त्यानंतर चाचाने खिशातून खडू काढला. कमानीचे पाटे एक्सलवर ज्या ठिकाणी बसतात, तेथे दोन्ही बाजूंस पाटा आणि एक्सलची बैठक यांवरून सलग जाईल अशी एकेक सरळ रेघ त्याने ओढली. मामांनी गाडी हातभर पुढे घेऊन ब्रेक लावला, मग हातभर मागे घेऊन लावला. असे चारपाच वेळा झाल्यावर सगळे खाली वाकून पाहू लागले. उजवीकडची रेघ जशीच्या तशी होती. डावीकडची मधोमध तुटून तिचे दोन तुकडे झाले होते. त्यांच्यात बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतके अंतर पडले होते. शेजारी यू-बोल्टच्या कडेने तांबूस भुकटी साचली होती आणि पाट्यावर एक लखलखीत घासलेली पट्टी दिसत होती. गंजलेल्या लोखंडावर चकाकी दिसली, की तेथे दोन धातू एकमेकांवर फिरत आहेत हे निश्चित समजावे.

या रचनेचे कार्य समजले, म्हणजे त्या अर्ध्या पेराचे गांभीर्य ध्यानात येते. पाटे भाराने वाकतात आणि सरळ होताना त्यांची लांबी किंचित वाढते. म्हणून त्यांचे एक टोक सांगाड्याला पक्के आणि दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीने जोडलेले असते. सर्व पाट्यांना मधोमध भेदून जाणारा सेंटर बोल्ट त्यांना एकत्र ठेवतो आणि एक्सलची जागा नेमून देतो. मात्र भार आणि ब्रेकचा जोर सहन करण्याचे काम त्याचे नव्हे. ते यू-बोल्टच्या आवळीने होते. यू-बोल्ट सैल पडले, की सारा जोर त्या एका बारीक बोल्टवर येतो. तो तुटला तर एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. घाटाच्या उतारावर, भरल्या गाडीला, ब्रेक दाबलेल्या अवस्थेत हे घडले तर चालकाच्या हाती फार थोडे उरते.

माल उतरवून, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून आणि सांगाडा केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवून डावी कमान सोडण्यात आली. सेंटर बोल्ट अर्ध्याहून अधिक चिरलेला निघाला. चिरेचा बराच भाग काळवंडलेला होता, म्हणजे ती आजची नव्हती. शॅकलचा बुशही झिजून लंबगोल झाला होता. नवे शॉकअॅब्सॉर्बर मात्र निर्दोष होते, आणि बहुधा जुनेही निर्दोषच असावेत.

तो बोल्ट व्यापाऱ्याच्या हातावर ठेवून चाचाने पाटे मोजले. "शेठ, यात एक पाटा जास्तीचा आहे. कधी घातला?"

आता व्यापाऱ्याला आठवले. वर्षभरापूर्वी घाटातील खड्ड्यांत मागून दणके बसतात, अशी तक्रार मामांनी केली होती. त्यावर कोणीतरी सुचविले, एक जादा पाटा घाला, गाडी बसणार नाही. त्याप्रमाणे पाटा घालण्यात आला. दणके थांबले. गाडी भरल्यावरही ताठ उभी राहू लागली आणि पेढीवर सर्वांना समाधान वाटले. परंतु पाट्यांची थप्पी जाड झाली तरी यू-बोल्ट जुन्याच लांबीचे राहिले. नटांना शेवटच्या दोनचार आट्यांचाच आधार उरला होता. आवळ पुरेशी बसली नाही आणि खारी हवा व रोजचे हादरे यांनी उरलेले काम केले.

त्यामागे एक हिशोबही होता. गाडीची परवानगी 1,500 किलोची, पण कोल्हापूरहून येताना 2,000 किलो माल भरण्याचा प्रघात पडला होता. चार खेपांचा 6,000 किलो माल तीन खेपांत येई. एका खेपेचे डिझेल, पथकर आणि चालकाचा एक दिवस वाचे. वहीत ही बचत स्पष्ट दिसत होती. पाटे, टायर आणि ब्रेक यांची झीज मात्र दुरुस्तीच्या खात्यात वेगळी पडत असल्यामुळे दोन्ही रकमा कोणी कधी शेजारी मांडून पाहिल्या नव्हत्या.

वर्षभरापूर्वीचा तो दणका म्हणजे अधिक भाराची तक्रार होती. जादा पाट्याने ती तक्रार बंद केली, भार तेवढाच ठेवून. पाटा वाढविल्याने वाहनाची क्षमता वाढत नाही, कारण ब्रेक, एक्सल, टायर आणि सांगाडा पूर्वीचेच असतात. वाढतो तो फक्त ताठपणा. गाडी वाकून 'आता पुरे' असे सांगत होती. तिचे वाकणेच बंद केल्यावर सांगायला काही उरले नाही.

कायदाही येथे स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील 2019 च्या सुधारणेनुसार मर्यादेबाहेर भार आढळल्यास 20,000 रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज वाहन पुढे नेता येत नाही. परवानगीचा भार शोधण्यासाठी कोणाला विचारण्याचीही आवश्यकता नाही. नोंदणीपत्रावर वाहनाचे रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन दोन्ही छापलेली असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे आपली मर्यादा, आणि तीत माणसांचे वजनही धरावयाचे असते.

जादा पाटा काढण्यात आला. नवा सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंचे नवे यू-बोल्ट आणि नवे बुश बसले. बुशच्या रबराला तेल लावू पाहणाऱ्या पोराला चाचाने थांबविले, कारण साध्या वंगणतेलाने रबर फुगून मऊ पडते. यू-बोल्टचे नट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे, आळीपाळीने आवळले गेले. शॅकल आणि बुश यांचा शेवटचा आवळ गाडी स्वतःच्या चाकांवर उभी केल्यानंतरच देण्यात आला. चाके अधांतरी असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि ते अकाली फाटते. "दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की परत आणा, पुन्हा आवळावे लागतील," असे चाचाने दोनदा बजावले.

घरच्या मोटारीलाही मागून टकटक येते, असे व्यापाऱ्याने जाता जाता सांगितले. मोटारीच्या मागे पाट्यांऐवजी बहुधा गुंडाळी स्प्रिंग असतात, पण शोधाचा क्रम तोच. प्रथम डिकी पूर्ण रिकामी करावी. कित्येक 'मोठे दोष' तेथील सैल जॅकपाशीच संपतात. मग मागचा एकेक कोपरा हाताने जोरात दाबून सोडावा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोनतीन वेळा डोलत राहिली तर त्या बाजूचा शॉकअॅब्सॉर्बर निकामी झाला आहे. त्यावर तेलाचा ओघळ दिसला तरी तोच अर्थ. एखादा कोपरा इतरांपेक्षा खाली बसला असेल तर स्प्रिंगचे टोक तुटले आहे का ते पाहावे. बारीक दगडांवर टकटक येत असेल तर शॉकअॅब्सॉर्बरचे वरचे रबर, आणि ब्रेक लावताना ठोका येत असेल तर मागच्या आडव्या तुळईचे बुश तपासावेत. गाडीखाली जाण्याचे काम कारागिराचे. एकट्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध आणि छेद यांच्या मालिकेत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपलीकडे भार लादणे, याचाही समावेश आहे. बैल आणि हमाल यांच्या काळात त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नसे, कारण थकलेला बैल डोळ्यांसमोर उभा असे. लोखंडाच्या गाडीला वेदना नाही, म्हणून हा अतिचार आता आपल्याला लागू नाही, असे सहज वाटून जाते. पण त्या लोखंडाच्या आधाराने घाट उतरणारा चालक जीवच आहे, आणि समोरून दुचाकीवर येणारे कुटुंबही. भार किती भरायचा हे पेढीवर बसलेला ठरवितो. त्याचा ठोका मात्र पाठीखाली दुसऱ्यालाच बसतो. म्हणून ज्याला आवाज ऐकू येतो त्याला तो बोलता यावा आणि त्याला नीट विचारले जावे, एवढी व्यवस्था प्रत्येक पेढीने ठेवावयास हवी.

मिरकरवाड्यातील जुने चालक बंदरातून परतल्यावर वाहनाचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुतात आणि पाट्यांच्या फटींत पाण्याची धार मुद्दाम सोडतात. जून-जुलैत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असताना त्यांची डागडुजी होते. साधारण त्याच सुमारास चातुर्मास सुरू होतो आणि साधुसाध्वींचा विहार थांबतो. व्यापारी वाहनांच्या तपासणीलाही हाच काळ उत्तम. गर्दी नसते, घाई नसते आणि आवाज ऐकायला सवड असते.

त्या शनिवारी पिकअप कोल्हापूरहून 1,500 किलो माल घेऊन निघाली. उरलेल्या मालासाठी महिन्यात चौथी खेप करण्याचे ठरले होते. आंबा घाट उतरण्यापूर्वी मामांनी गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबविली. मुलाला घेऊन ते मागच्या चाकापाशी वाकले. निघताना पाट्यावर नव्याने ओढलेली खडूची रेघ धुळीने थोडी पुसट झाली होती. मुलाने बोटाने धूळ झटकली. रेघ सलग होती. मग दोघे उठून गाडीत बसले आणि घाट उतरू लागले.